नर्सरीतून आणलेला गुलाब घरी फुलत नाही? सोप्यापासून अवघडापर्यंत काय काय तपासायचं

दिवाळीनंतर नर्सऱ्या गुलाबांनी भरून जातात आणि जानेवारी संपता संपता त्याच गुलाबांच्या तक्रारी सुरू होतात. आणला तेव्हा चार फुलं होती, नंतर एकही आलं नाही. नुसत्या काड्या वाढतायत. वरून काळा पडत चाललाय. आमच्या सोसायटीत आणि ओळखीपाळखीत असली झाडं बघायला मला बोलावतात, आणि पुन्हा पुन्हा तेच दोष सापडतात. त्यातले निम्म्याहून अधिक दोष रोपाबरोबरच घरी आलेले असतात. घेताना सगळ्यांचं लक्ष फुलावर असतं, खोडाकडे कोणी बघत नाही. म्हणून खाली उपायाबरोबरच, तो दोष नर्सरीत कसा ओळखायचा तेही जिथे जमेल तिथे लिहिलंय. सगळं पुण्याच्या आणि एकूण देशावरच्या हवेला धरून आहे. कोकण, मुंबई, गोव्यात फरक पडतो तिथे वेगळं सांगितलंय.

लक्षणं

तुमच्या झाडाचं दुखणं यातलं कुठलं आहे ते आधी ठरवा.

- झाड जोमात आहे, लांब लवचिक काड्या येतायत, पण कळी नाही: तपासणी १.
- फांद्या बारीक राहतात, झाड वाऱ्याने बुंध्याशी हलतं किंवा मोडतं: तपासणी २.
- फुलं येतात पण एखाददुसरंच, लहान आणि फिकं: तपासणी ३ आणि ८.
- रोज पाणी घालूनही पानं मलूल, कळ्या मान टाकतात: तपासणी ४.
- नवी पानं पिवळी, त्यातल्या शिरा मात्र हिरव्या: तपासणी ५.
- पानांवर टाचणीच्या टोकाएवढे फिके ठिपके, किंवा कळी धरते पण उघडत नाही: तपासणी ६.
- फांदी शेंड्याकडून तपकिरी, मग काळी होत खाली उतरते: तपासणी ७.

रोप आणून अजून पंधरा दिवसही झाले नसतील तर यातलं काहीच करू नका. जाळीच्या सावलीतून, रोजच्या फवाऱ्यातून उठून ते तुमच्या गॅलरीत आलंय. खालची काही पानं पिवळी होऊन गळणारच. या दिवसांत कुंडी बदलणं, खत घालणं, छाटणं, तिन्ही टाळा. फुलांचंही तसंच आहे. उमललेलं फूल खुडल्यापासून किंवा छाटणी केल्यापासून पुढचा बहर यायला साधारण चाळीस ते पन्नास दिवस लागतात. तीन आठवड्यांत फूल नाही म्हणजे बिघाड झाला असं नाही.

१. फुटवा कुठून निघालाय (खर्च काही नाही)

नर्सरीतला गुलाब बहुतेक वेळा दोन झाडांचा मिळून बनलेला असतो. खाली खुंट, म्हणजे काटक जंगली गुलाब, आणि त्याच्या सालीत डोळा, म्हणजे पुढे फांदी होणारा अंकुर, भरून वाढवलेली आपल्याला हवी ती जात. कुंडीतली वरची माती बोटाने बाजूला करा. खोडावर जिथे गाठ किंवा फुगवटा दिसतो, खोड थोडं वाकलेलं दिसतं, तो डोळ्याचा सांधा. त्याच्या खालून किंवा थेट मातीतून आलेली काडी खुंटाची असते. मुळांतून येणारं अन्न-पाणी ती आधी ओढून घेते, सरळसोट वाढते आणि वरची कलमी जात हळूहळू उपाशी मरते. मग वर्षभराने लोक म्हणतात, लाल गुलाब आणला होता, त्याला आता झुपकेदार फिकी फुलं येतात, जात बदलली. खरं तर लाल जात केव्हाच मेलेली असते आणि फुलं येतात ती खुंटाची.

पाच पानांची फांदी चांगली, सात पानांची जंगली, असं सगळीकडे सांगितलं जातं. एवढ्या एका खुणेवर कात्री चालवू नका. कितीतरी उत्तम जातींच्या जोमदार फांदीवर सात पर्णिका (एकाच पानातली सुटी लहान पानं) येतात, आणि काही खुंटांवर पाचही दिसतात. पर्णिका मोजून शंका घ्यावी, निर्णय मात्र सांध्यावरूनच करावा. हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं: सांध्याच्या वरून एखादा जाड, लालसर, कोवळा फुटवा झपाट्याने येतो आणि लोक तो जंगली समजून उडवतात. तो झाडाचा उद्याचा मुख्य सांगाडा असतो. पुढची दोन-तीन वर्षं फुलं त्याच्यावरच येणार असतात.

जंगली फुटवा खरोखर सांध्याच्या खालचा असेल तर मातीच्या वरच्या वर कापू नका. कापला की बुडाशी राहिलेल्या डोळ्यांतून दोन-तीन नवे येतात. माती उकरून तो जिथून निघालाय तिथपर्यंत जा आणि खाली ओढून मुळासकट उपटा.

नर्सरीत: सांधा मातीच्या वर स्पष्ट दिसलाच पाहिजे. सांध्यावरून निदान दोन फांद्या, त्यातली एक तरी पेन्सिलीएवढी जाड हवी. सांधा मातीत गाडलेला असेल तर माती सारून दाखवायला सांगा; चांगला नर्सरीवाला लगेच दाखवतो. घरी लावतानाही सांधा मातीच्या दोन बोटं वर ठेवा. गुलकंदाचा गावठी गुलाब साध्या काडीपासून येतो, त्याला खुंट नसतो, म्हणून त्याला ही तपासणी लागू नाही. त्याचा मातीतून आलेला फुटवा त्याचाच असतो, तो खुशाल वाढू द्या.

२. डोळ्यावरची पट्टी (एक ब्लेड)

डोळा भरला की तो पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीने गुंडाळतात. डोळा फुटला की पट्टीचं काम संपतं, पण ती बऱ्याचदा तशीच राहते. खोड जाड होत जातं आणि पट्टी सालीत रुतते. वरून खाली जाणारं अन्न सालीतूनच जातं. तिथेच फास बसला की मुळं कमजोर होतात आणि पाठोपाठ वरची फांदीही. हाताने चाचपलं तर पट्टीच्या वरच्या बाजूला फुगीर कडं आणि खाली अचानक बारीक झालेलं खोड लागतं. कधी पट्टीवर माती बसून ती खोडाच्याच रंगाची होते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून मग बघा.

डोळ्याच्या विरुद्ध बाजूने ब्लेडने पट्टीला उभा छेद द्या. सुटेल तेवढी काढा. सालीत घुसलेला तुकडा खेचून काढायच्या भानगडीत पडू नका, साल सोलली जाते. छेद दिल्याने फास सुटला, तेवढं पुरतं. नर्सरीत सहा महिन्यांहून जुन्या रोपावर रुतलेली पट्टी दिसली तर ते रोप सोडून दुसरं उचला.

३. ऊन मोजा

गुलाबाला दिवसाला पाच-सहा तास थेट ऊन लागतं, सकाळचं असेल तर फारच चांगलं. "आमच्याकडे भरपूर उजेड आहे" हे उत्तर इथे चालत नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला कुंडीवर ऊन आहे की नाही एवढं लिहून ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला सरकतो, त्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत नोव्हेंबर ते जानेवारी, म्हणजे ऐन बहराच्या काळात, थेट ऊन पोचतच नाही. तिथे खतांवर कितीही पैसे घातले तरी उपयोग नाही.

घरात डबल डिलाइट जातीचा गुलाब असेल तर तो ऊन किती मिळतंय ते स्वतःच दाखवतो. त्याच्या मलईरंगी पाकळ्यांची लाल कड उन्हातल्या अतिनील किरणांनी चढते. ऊन कमी पडलं की फूल जवळजवळ पांढरंच राहतं.

ऊन तीन तासांच्या आत असेल तर गुलाबाचा हट्ट सोडा. तीन ते पाच तासांत आइसबर्गसारखे झुपक्याने फुलणारे फ्लोरिबंडा किंवा बारक्या फुलांचे बटण गुलाब बऱ्यापैकी जमतात.

४. मातीचा गोळा (एक काडी आणि एक बादली)

पुण्याच्या आसपास, सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या बाजूला रोपं तयार होतात, तशीच आंध्रातल्या कडियमपासूनही ट्रकने येतात. लांबचा प्रवास करणारं रोप बहुधा चिकट, घट्ट मातीत बसवलेलं असतं. वाटेत मुळांभोवतीचा गोळा फुटू नये आणि ओल टिकावी म्हणून. तो गोळा आपण जसाच्या तसा भुसभुशीत मातीच्या कुंडीत ठेवतो आणि तिथून त्रास सुरू होतो. पाणी सोप्या वाटेने जातं. कडेच्या सैल मातीतून उतरून खालच्या भोकातून बाहेर पडतं, आणि मुळं जिथे आहेत तो गोळा आतून कोरडाच राहतो.

ओळखायला अगरबत्तीची जळून उरलेली काडी पुरते. पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ती कुंडीच्या कडेला खुपसा, सहज आत जाईल आणि ओली माती लागून वर येईल. मग खोडापासून दोन बोटांवर खुपसा. तिथे ती अडली किंवा कोरडी बाहेर आली तर दुखणं सापडलं. उलटही होतं: गोळा सतत चिखलासारखा ओला राहतो, मुळांना हवा मिळत नाही आणि मातीला कुबट वास येतो. पानं दोन्हीकडे सारखीच मलूल होतात. म्हणून पानं बघून पाणी वाढवू नका, आधी काडी खुपसून बघा.

कोरडा गोळा असेल तर कुंडी पाण्याच्या बादलीत ठेवा, पाणी मातीच्या वर येऊ द्या. बुडबुडे येत राहतील. ते थांबले की बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. आठवड्यातून एकदा असं केलं तरी हंगाम निभावतो. कायमचा उपाय ऑक्टोबर ते जानेवारीत करायचा: रोप काढून गोळा पाण्यात मऊ करा, बाहेरची एक तृतीयांश माती बोटांनी हलकेच सोडवा, आतली राहू द्या, आणि नव्या मातीत लावा. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा. बारा इंची कुंडी, खाली भोकं मोकळी. एप्रिल-मेमध्ये आणि कळ्या लागलेल्या असताना मुळांना हात लावू नका. गोळा पूर्ण फोडून मुळं उघडी करणं तर कधीच नको.

नर्सरीत: पिशवी हलकेच दाबून बघा. विटेसारखी लागली तर दुसरी घ्या. पिशवीच्या खालून मुळं बाहेर येऊन जमिनीत शिरलेली असतील तर रोप उचलताना ती तुटणार, हेही ध्यानात घ्या.

५. पाणी कुठलं आहे

बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडेवर पांढरा थर दिसतो. गुलाबाला किंचित आम्लधर्मी माती मानवते, सामू (पीएच) ६ ते ६.५. जड पाण्याने तो चढत जातो, मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, आणि नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या असं चित्र दिसतं. वरचा थर खरवडून काढा, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने कुंडी खालून वाहेपर्यंत धुऊन काढा, पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच द्या. तरीही फरक नाही पडला तर कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, आणून पाकिटावरच्या प्रमाणात द्या. पिवळं पान दिसलं की युरिया टाकणारे बरेच आहेत. या पिवळेपणाला त्याचा काही उपयोग नाही.

६. कीड आणि रोग (थोडा खर्च)

फवारा विकत घेण्याआधी एक पांढरा कागद घ्या. संशयित पान त्यावर आपटा. बारीक धुळीसारखे कण पडले आणि चालायला लागले तर ते लाल कोळी. फेब्रुवारीपासून कोरड्या उन्हात यांचा जोर असतो. पहिला उपाय पाणीच: पानांच्या खालच्या बाजूने जोरात फवारा, चार-पाच दिवस रोज सकाळी. कळी आपटल्यावर लांबट, पिवळसर-तपकिरी किडे पडले तर ते फुलकिडे, त्यांच्यामुळे पाकळ्यांच्या कडा करपतात आणि कळी उघडत नाही. तशा कळ्या खुडून पिशवीत बांधून टाका, कुंडीत ठेवू नका. मग लिटरला पाच मिली निंबोळी तेल, सोबत द्रवसाबणाचे थेंब, संध्याकाळी फवारा.

थंडीत पानांवर पिठासारखी भुरी येते. तिला पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पारा पस्तिशीकडे असताना गंधक फवारलं तर पानं भाजतात, आणि तेलाच्या फवारणीनंतर पंधरा दिवस तर मारूच नका. पावसाळ्यातले काळे गोल ठिपके निराळे, तिथे गळलेली पानं रोज उचलणं आणि कुंड्यांत अंतर ठेवणं हे औषधापेक्षा जास्त कामाला येतं.

७. शेंडेमर

काळी पडत खाली येणारी फांदी बघून घाबरायला होतं, पण वेळेत हात घातला तर झाड वाचतं. नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर तिथपर्यंत फांदी जिवंत आहे. स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने जिवंत भागात एक-दोन इंच आत कापा आणि कापलेल्या तोंडाकडे बघा. मधला गाभा पांढरट हवा. तपकिरी दिसला तर अजून खाली, पांढरा लागेपर्यंत. काप तिरका, बाहेरच्या बाजूला वळलेल्या डोळ्याच्या जेमतेम वर. डोळ्याच्या वर लांब थोटूक ठेवलं की ते वाळतं आणि बुरशी तिथूनच पुन्हा उतरते. फूल नुसतं देठाशी खुडण्याच्या सवयीने हेच होतं. कापलेल्या तोंडाला कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावा. कात्री प्रत्येक झाडानंतर पुसा.

नर्सरीत काळं थोटूक किंवा सालीवर तपकिरी, खोलगट चट्टा दिसला तर फूल कितीही सुंदर असो, ते रोप घेऊ नका.

८. जातच चुकली असेल तर

हे शेवटी ठेवलंय, कारण याला उपाय एकच: दुसरं रोप. वरचं सगळं ठीक असूनही वर्षभरात झाड रमलं नाही तर जातीकडे वळा.

तळेगाव-मावळच्या पॉलिहाऊसमध्ये ताजमहाल, टॉप सीक्रेट या जाती फेब्रुवारीच्या निर्यातीसाठी घेतात. लांब सरळ दांडा, एक घट्ट कळी, फुलदाणीत टिकण्याची ताकद, हे त्यांचे गुण. तिथे त्यांना ठिबकमधून मोजून खत मिळतं आणि छताखाली हवा राखलेली असते. गच्चीवर त्याच जाती मोजकीच फुलं देतात आणि रोगांना पटकन बळी पडतात. नर्सरीत "डच गुलाब" म्हणून हेच रोप पुढे केलं जातं. घरच्या बागेला मी ते सुचवत नाही.

उघड्यावर टिकतात त्या जाती जुन्या आहेत आणि मिळतातही. ग्लॅडिएटर १९५५ चा, महाराष्ट्रात शेतकरी तो उघड्या शेतात लावत आलेत, यापेक्षा मोठी शिफारस नको. क्वीन एलिझाबेथ १९५४ चा, उंच आणि दणकट, कुंपणाच्या कडेला उत्तम. आइसबर्ग १९५८ चा, काटे कमी, लहान मुलं असलेल्या घरात बरा. सुवास हवा तर डबल डिलाइट किंवा पापा मेयां. पापा मेयां मात्र भुरीला नाजूक, तेवढी तयारी ठेवावी. गहूसंशोधक डॉ. बेंजामिन पियरी पाल यांनी दिल्लीत आपल्या हवेत गुलाबाच्या जाती तयार केल्या. त्यातल्या दिल्ली प्रिन्सेस, डॉ. होमी भाभा कुठे मिळाल्या तर जरूर घ्या. कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट हवेमुळे काळे ठिपके पाठ सोडत नाहीत. तिथे मोठ्या फुलांच्या हायब्रीड टीपेक्षा गावठी, बटण आणि फ्लोरिबंडा घ्या, आणि खरेदी पाऊस पूर्ण थांबल्यावर करा.

जातीचं नाव नर्सरीवाल्याला सांगता येत नसेल, नुसतं "लाल", "पिवळा" एवढंच उत्तर मिळत असेल, तर आईझाड किंवा उमललेलं फूल दाखवायला सांगा. लेबलवरच्या निळ्या गुलाबाच्या चित्रावर पैसे टाकू नका. तसा निळा गुलाब कुठल्याच नर्सरीत नाही.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

काळेपणा डोळ्याच्या सांध्याखाली उतरला असेल तर झाड संपलंय. औषधांवर खर्च न करता माती आणि मुळांसकट काढून टाका. ती माती दुसऱ्या गुलाबाला वापरू नका.

खालच्या परिस्थितीत स्वतः प्रयोग थांबवून जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाला दाखवा: आठवड्याभरात एकाहून जास्त झाडं एकदम मलूल झाली, पानांवर पिवळ्या नागमोडी रेषा आल्या आणि नवीन पानांवरही येत राहिल्या, कारण तो विषाणू असू शकतो आणि त्याला फवारणी नाही, किंवा दोन वेगवेगळी औषधं देऊनही कीड हटली नाही. तिसरं जहाल औषध दुकानदाराच्या सांगण्यावरून घरच्या गॅलरीत फवारू नका. तिथे मुलं खेळतात आणि खालच्या मजल्यावर कोणाचे कपडे वाळत असतात.

जमिनीत किंवा कुंडीत लावलेला गुलाब बुंध्यातून हलतो आणि ओढला की सहज वर येतो, तेव्हा मुळं हुमणीने खाल्लेली असण्याची शक्यता असते. एक-दोन कुंड्या असतील तर माती पसरून, पांढऱ्या वळलेल्या अळ्या वेचून काम भागतं. अख्खा वाफा असेल तर जाणकार माळ्याला किंवा कृषी खात्याच्या कर्मचाऱ्याला बोलवा.

नमुना नेताना नुकतीच लक्षणं दिसू लागलेली फांदी घ्या, पूर्ण वाळलेली नको. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ती घामेजून कुजते आणि मूळ रोग ओळखता येत नाही. सोबत मूठभर माती, पाणी कुठलं घालता, आणि आतापर्यंत काय काय फवारलं त्याची पाकिटं घेऊन जा.